चूलबंद आवतण

१

मले लिवाचं नव्हतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, त्यातही अर्धे दिवस वावरात. पण नात आयकत नाही. अश्लेषा नाव तिचं, माह्या पोराची, श्यामची पोट्टी. अमरावतीले कॉलेजात शिकते. मागच्या बुधवारी एकटीच एसटीनं आली, दोनशे पानाची वही माह्यापुढं टाकली अन् म्हणे, "आबा, त्या दिवसाचं सगळं लिवा. पहिल्यापासून. बाबाले इचारलं त बाबा वेगळंच सांगतात."

"काय सांगते तुहा बाप?"

"तुमी अकोल्याच्या लग्नात तमाशा केला अन् पंगतीवरून उठून निंगून गेले."

"मंग तेच खरं मान. मले काऊन तरास देतं?"

"मानलं असतं, आबा. पण मले कोणत्या घरी राहाचं ते ठरवाचं आहे."

म्हणून लिवून राहिलो. शुद्धलेखन कोणी काढू नये. अन् मधात मधात मले थांबवून 'असं कसं होईन' म्हणू नये. मलेही तेच वाटते.

२

लग्न माह्या बहिणीच्या नातीचं होतं, श्रावणीचं. बहीण गेली. तिचा पोरगा देवीदास अकोल्याले जठारपेठेत राहते. पोरगं चांगलं आहे, रीत पाळते. बाकीचे मोबाईलवर पत्रिका धाडतात अन् मंग आले नाही म्हणून तोंड फुगवतात. हा पिवळे तांदूळ घेऊन मोर्शीपर्यंत एसटीनं अन् पुढं कोणाच्या तरी फटफटीवर माह्या दारात आला. म्हणे, "मामा, चूलबंद आवतण आहे."

शहरातल्या लोकायले कळणार नाही म्हणून सांगतो. चूलबंद आवतण म्हणजे साऱ्या घराले आवतण. लहानथोर, लंगडंपांगळं, कोणी मागं राहाचं नाही. त्या दिवशी त्या घरची चूल पेटली नाही पायजे. पेटली त समजाचं का आवतण देणाऱ्याची बेइज्जती केली.

सुभद्रा, म्हणजे माही बायको, दारातूनच म्हणे, "देवीदास, तुह्या मामाले ने. मले गाडी लागते." पण आतून खूश होती. बावन्न वर्षांत मले तेवढं समजते.

तिची थोडी गोठ सांगतो. सुभद्राले दमा आहे. श्वास घेतला का छातीत बारीक शिटी वाजते. डॉक्टर म्हणते धुरात जाऊ नका. घरात गॅस आहे, पण बाई त्याले हात लावत नाही. भाकर चुलीवरच टाकते, खोकलते, अन् मंग माह्यावर चिडते. रातच्याले मी त्या शिटीवर झोपतो. ती माहेरी गेली का मले झोप लागत नाही, हे मी तिले कधी सांगतलं नाही अन् या वहीतूनही कोणी सांगू नये. तिच्या तोंडाले वेळेवर लावाचा एक पंप आहे. ती तो कुठंही हरवून येते म्हणून परवासात तो सुनेच्या, पौर्णिमाच्या, पर्समध्ये असते.

मे महिना होता. श्याम, पौर्णिमा अन् अश्लेषा आदल्या दिवशीच अमरावतीहून गाडी घेऊन आले, का साऱ्यायनं एकाच घरातून निंगाचं. सहाले निंगतो म्हणता म्हणता सात वाजले. ऊन वर आलं. एक कंगवा शोधते, एक चार्जर शोधते. माहं डोस्कं फिरलं. मी फाटकात उभं राहून ओरडलो, "घरात जे कोणी असन त्यानं गाडीत येऊन बसा. आता मी कोणाले बोलवणार नाही."

माही माय चूलबंद आवतणाले निंगताना दारात उभी राहून आमा बहीणभावायचं एकेकाचं नाव घे. जानराव, चाल. कमला, चाल. आमी हसत होतो. बुढीले सवयच तशी, असं वाटे.

श्याम आला, अश्लेषा आली. मंग आतून सुभद्रा आली. हिरवं पातळ, डोक्यावर पदर. माह्या मागच्या सीटवर खिडकीपाशी बसली. पौर्णिमानं समोरच्या दाराले कुलूप लावलं अन् गाडीजवळ येऊन इचारलं, "सगळे आले ना?"

मी म्हतलं, "आले."

हे मीच म्हतलं. ते मी कोणावर ढकलत नाही.

३

अमरावती गेलं, बडनेरा गेलं. मी श्यामच्या बाजूले समोर बसलो होतो. गाडीत सुभद्रा असली का अर्ध्या तासात भांडण होते. खिडकी उघडा, खिडकी लावा, हळू चालव, लिंबू कुठं ठेवलं. त्या दिवशी मागून एक शब्द नाही.

मीच म्हतलं, "काऊन व, खिडकी लावू का?"

"तुमी म्हणसान ते," ती म्हणे.

आवाज तिचाच. बोलणं तिचं नव्हतं. बावन्न वर्षांत या बाईनं मले 'तुमी म्हणसान ते' असं म्हतलं नाही. लग्नात घास भरवतानाही म्हणे, एवढा मोठा काऊन करता.

मी श्यामले हळूच म्हतलं, "तुही माय बिमार आहे का?"

श्याम हसला. "बाबा, माय एक दिवस भांडत नाही त तुमाले करमत नाही."

मूर्तिजापूरच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं. समोर मुरमाचा ट्रक. एसी लावला का सुभद्राले मळमळते म्हणून खिडक्या उघड्याच होत्या. साऱ्या गाडीत धूळ भरली. श्याम खोकलला, पौर्णिमानं ओढणी तोंडाले लावली, अश्लेषाचे डोळे लाल झाले. मी खोकलता खोकलता मागं कान लावला. नाकात धूळ गेली का सुभद्राची शिटी गाडीच्या आवाजावर चढते. पंप दे, पंप दे करते.

काहीच नाही. शिटी जाऊ द्या, साधा श्वासही आयकू येत नव्हता.

आता माणूस काय इचार करते? मी म्हतलं, इंजिनचा आवाज आहे. म्हतलं, वय झालं, कान गेले. म्हतलं, नवीन गोळी लागू पडली असन. वरचा आरसा श्यामच्या बाजूनं वळवलेला. मान वळवून पाहावं त मानेत चमक. पण खरं सांगू का, मान वळत होती. मी वळवली नाही.

मूर्तिजापूरले चहा प्यालो. ती गाडीतच बसून राहिली. अश्लेषा कप देऊन आली. मी इचारलं, "काय म्हणे आजी?"

"छान आहे म्हणे."

सुभद्रानं बाहेरच्या चहाले आजवर छान म्हतलं नाही. जनावराले पाजा म्हणते.

पौर्णिमा चहा पितापिता म्हणे, "बाबा, आई आज किती खुशीत आहेत. अशाच राहिल्या त मी त्यायले अमरावतीले घेऊन जाईन."

तिच्या मनात वाईट नव्हतं. सुनेले सासूची बोलणी खाऊन वीस वर्षं झाली होती. पण मले ते बोलणं गोड लागलं नाही.

४

जठारपेठेतल्या कार्यालयात माणसायच्या खुर्च्या एकीकडं, बायाच्या एकीकडं. मधात मांडव अन् मोठे पंखे. देवीदासनं टोपी-दुपट्टा देऊन मान केला. सुभद्रा बायांत जाऊन बसली. मी लांबून पाहत होतो. सोयऱ्याच्या बाया येत, तिच्या पाया पडत, ती प्रत्येकीचा हात हातात घे, मान हलवे. माह्या बाजूले एक बुढा सोयरा बसला होता, तो म्हणे, "जानरावजी, वहिनी लय निवळल्या."

दुपारी अक्षता पडल्या. मी उठून हात धुवाले गेलो अन् खिशातला फोन वाजला. पार्वताबाई, आमची शेजारीण. मागच्या सांदवाडीची, म्हणजे परसाची, भिंत आमची अन् तिची एकच.

"जानरावभाऊ, चूलबंद आवतण होतं ना तुमाले?"

"होतं. म्हणून त इथं आलो."

"मंग तुमची चूल काऊन पेटली?"

मी म्हतलं, "बाई, घराले कुलूप आहे."

"कुलूप आहे तेच म्हणतो ना. सुभद्रा आत कोंडली आहे. न्हाणीत पाय धुवाले गेली अन् तुमी निंगून गेले म्हणते. सकाळपासून उपाशी होती, आता भाकर टाकून राहिली. भिंतीवरून मीच बोलली तिच्यासंग. घ्या, फोन देतो."

फोन भिंतीवरून गेला असन. खरखर झाली. मंग पहिले ती शिटी आली. बारीक, लांब, शेवटी तुटणारी. मी हात धुवाच्या नळापाशी उभा, पाणी चालू, अन् कानात ती शिटी.

मंग ती बोलली. "मुडदा बशिवला तुमचा, बायकोले मोजाचंही सुचलं नाही? पंप पौर्णिमाजवळ आहे. जीव चालला माहा. तुमी तिथं लाडू हाणा."

मी बायांच्या बाजूले पाह्यलं. सुभद्रा हिरव्या पातळात बसली होती. पुढ्यात ताटली. जिलबी खाऊन राहिली होती अन् पौर्णिमाच्या कानात काही सांगत होती. पौर्णिमा हसत होती.

फोनवर मी म्हतलं, "चूल इझव पहिले."

"भाकर अर्धी कच्ची आहे," ती म्हणे अन् खोकलली.

५

मले बयाड, म्हणजे येडा, म्हणणाऱ्यायनं हे ध्यानात घ्यावं का मी लगेच इश्वास ठेवला नाही. मी नळापाशी उभा राहून हिशेबानं इचार केला. एक बाई घरी कोंडली आहे अन् जी चूल पेटवाची नव्हती ती तिनं पेटवली. दुसरी साऱ्यायच्या डोळ्यापुढं सोयऱ्यात बसली, जेवली, बोलली. आता कोण खोटं? कोणालेही इचारा, लोक घरातलीले खोटं म्हणतीन. मीही म्हतलं असतं. पण खोट्या माणसाले दम लागत नाही, अन् इकडं पंप कोणी मांगतला नव्हता.

मी पौर्णिमाजवळ गेलो. "पंप दे."

"आईले पायजे का?" तिनं बाजूले पाह्यलं. "आई, दम लागला का?"

"नाही व," ती म्हणे. "त्यायले पायजे असन त दे. ते म्हणतीन ते."

मी तिच्या तोंडाकडं पाह्यलं. आता सांगतो ते सांगाले लाज वाटते. बावन्न वर्षं संसार केला, पण बायकोच्या तोंडाकडं असं टक लावून मी कधी पाह्यलंच नव्हतं. पाहाची गरज काय होती? ताट वाढलं का हात दिसे, भांडली का आवाज आयकू ये, झोपली का शिटी. नाकाच्या बाजूले तीळ होता. तो आधी होता का नव्हता, मले देवाच्यान सांगता येईना.

मी श्यामले बाजूले नेलं अन् सगळं सांगतलं. त्यानं आयकून घेतलं. मास्तर आहे, आयकते. मंग त्यानं पार्वताबाईले फोन लावला. "काकू, माय माह्यापुढं जेवून राहिली. घरात कोण आहे ते माईत नाही. चोर असन. कुलूप कोणी तोडू नका, आमी आल्यावर पाहू."

"श्याम, तुही माय आत आहे. तिले दम लागला आहे."

"बाबा, माय तिथं बसली आहे."

"ते तुही माय नाही."

हे मी मोठ्यानं बोललो. नवरदेवाकडचे लोक वळून पाहू लागले. देवीदास हात जोडून आला, "मामा, लेकीचं लग्न आहे."

श्यामनं माहा दंड धरला. पोरानं बापाचा दंड धरला, दोनशे माणसांत. म्हणे, "बाबा, मायची माफी मांगा. आत्ता. इथं."

ती उठून आली. माह्या समोर उभी राहिली. साऱ्यायले आयकू जाईन असं म्हणे, "जाऊ दे श्याम. मले काही वाटलं नाही. त्यायचं वय झालं."

बाया हळहळल्या. कोणी तरी म्हणे, देवमाणूस आहे बाई.

सुभद्रानं अशा वेळी मले चपलेनं मारलं असतं, अन् तिचं बरोबर असतं. मी दंड सोडवला, पंप खिशात टाकला अन् कार्यालयाच्या बाहेर पडलो.

६

अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून मोर्शीची गाडी. उभ्यानं गेलो. पार्वताबाईले तीनदा फोन लावला. "कुलूप तोड," म्हतलं. ती म्हणे, "श्यामनं नाही म्हतलं, भाऊ. पोरगा शिकलेला आहे. उद्या माह्यावर येईन." दुसऱ्या वेळी म्हणे, सुभद्रा खाटेवर बसली, बोलत नाही. तिसऱ्या वेळी म्हणे, भिंतीवरून दिसत नाही, आत गेली.

गावात पोचलो त ऊन कलतं होतं. पार्वताबाईच्या घरचा पाटा उचलला अन् कुलुपावर हाणला. तिसऱ्या घावाले कडी निंगाली.

घरात धूर साचला होता. चूल इझली होती. परातीत दोन भाकरी, त्यातली एक अर्धी कच्ची. सुभद्रा सैपाकघरात भिंतीले टेकून बसली होती. ओठ जांभळे. शिटी इतकी बारीक का मले वाटलं माह्याच कानात वाजून राहिली. मी पंप तिच्या तोंडाले लावला. एकदा, दोनदा.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. माह्याकडं पाह्यलं. "टोपी कोणी देली ही?" म्हणे. "जोकर दिसता."

मी तिथंच खाली बसलो.

मंग तिनं सुरू केलं. माह्या बापापासून सुरू केलं. मी आयकत होतो. मले लय बरं वाटून राहिलं होतं. नाकाच्या बाजूले पाह्यलं. तीळ होता. म्हणजे त्याचा काही उपयोग नाही.

७

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दाराची कडी तुटलेली. मी दार लोटलं अन् आतून खाट लावली. सुभद्रा सैपाकघरातून बडबडतच होती.

"बाबा," श्यामनं दार वाजवलं. "दार उघडा. माय आली आहे. घाबरून गेली बिचारी."

"तुही माय आत आहे," मी म्हतलं. "एकटा ये अन् पाहून घे."

"मायले बाहेर उभी ठेवू का?"

"एकटा ये."

मी दाराच्या फटीले डोळा लावला. अंगणात अजून उजेड होता. श्याम पायरीवर उभा. पौर्णिमा गाडीजवळ. अश्लेषानं मागचं दार उघडलं होतं अन् हात देऊन तिले खाली उतरवत होती. ती उतरली. अंगणात उभी राहिली. घाबरलेली वगैरे काही दिसत नव्हती. मान उलशीक तिरपी करून ती आतलं आयकून राहिली होती.

आत सुभद्रा म्हणत होती, बावन्न वर्षं झाली, एका दिवसाचं सुख नाही या घरात, बायकोले कोंडून जाते हा माणूस.

अंगणातल्या बाईचे ओठ हालत होते. आवाज नव्हता. पण मी पाह्यलं. बावन्न वर्षं झाली. एका दिवसाचं सुख नाही. शब्दाले शब्द. सुभद्रा थांबली का ते ओठ थांबत. पोट्टं पाढे म्हणते तसं.

सुभद्राले खोकला आला. खोकला संपल्यावर शिटी वाजली.

मंग अंगणातून वाजली. बारीक, लांब, शेवटी तुटणारी.

"बाबा," श्याम बाहेरून ओरडला, "मायले दम लागला. पंप तुमच्याजवळ आहे. मायचा जीव घेता का?"

मी पंप हातात धरून दाराच्या मागं उभा राह्यलो. दार उघडलं नाही. थोड्या वेळानं पौर्णिमा म्हणे, अमरावतीले दवाखान्यात नेऊ. गाडीचे दरवाजे लागले. चार वेळा लागले, मी मोजले.

सुभद्रानं आतून इचारलं, "कोण होतं?"

"कोणी नाही," मी म्हतलं.

"मंग शिटी कोणाची वाजली?"

८

आता वर्ष होत आलं. ती त्यायच्याकडं राहते, अमरावतीले. पौर्णिमा सगळ्यायले सांगते का सासू लय बदलली, कामाले हात लावते, शब्द बोलत नाही. अलीकडं मात्र थोडी भांडते म्हणे, चहाले नावं ठेवते. पौर्णिमाले वाटते, तब्येत सुधारली.

श्याम गावात येत नाही. म्हणते, मायले त्या घराची भीती बसली, तिले एकटी सोडून येता येत नाही. मी म्हणतो अर्धा तास ये, सैपाकघरात पाय टाक, खाटेवर कोण बसलं पाह्य, मंग मले येड्याच्या दवाखान्यात घाल. तो म्हणते, "बाबा, तिथं काय पाहाचं?" लोकायले सांगते का बुढा एकटाच राहते अन् भिंतीसंग भांडते. पार्वताबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिची साक्ष कोणी धरत नाही. अश्लेषानं त्या बुधवारी सुभद्राच्या हातची भाकर खाल्ली, पण बापाले सांगतलं का नाही ते मले माईत नाही.

सुभद्रा पोराचं नाव काढत नाही. फक्त सणावाराले एक भाकर जास्त टाकते अन् सांजीले गाईले देते.

दर रविवारी त्याचा फोन येते. "मायसंग बोला," म्हणते, अन् फोन तिच्याजवळ देते. आता ती पहिले शिव्या देते. मुडदा बशिवला म्हणते. मी आयकून घेतो अन् सैपाकघराकडं पाहतो, का तिथून आवाज येऊन राहिला का नाही. आजवर आला आहे.

देवीदास येऊन गेला, पाया पडला. त्याच्या लेकीच्या लग्नात मी आवाज चढवला, त्याची माफी मी मांगतली. पार्वताबाईनं कुलूप तोडलं नाही म्हणून ती रडली, तिचं मिटलं. ज्यानं 'कुलूप तोडू नका' म्हतलं, दोनशे लोकांत बापाचा दंड धरला, अन् आपली माय धुरात कोंडलेली असताना दुसरीले माय म्हतलं, त्यानं अजून माफी मांगतली नाही. त्यानं यावं. एकट्यानं यावं. माहा पोरगा, श्याम.